म्यानाची कड

घरी चाकूचं म्यान करायला बसलेला माणूस आपली बहुतेक उत्सुकता साच्यावर खर्च करतो. प्लास्टिकची शीट भट्टीत मऊ होते, चाकूभोवती बसवली जाते, फोम लावलेल्या दोन फळ्यांमध्ये शिकंज्यांनी दाबली जाते. दहा-पंधरा मिनिटांनी फळ्या उघडल्या की चाकूचा प्रत्येक उंचवटा त्या शीटवर उमटलेला दिसतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात हातात असतो तो चाकूचा ठसा घेतलेला एक वेडावाकडा तुकडा. त्याच्या कडा फाकलेल्या असतात, कोपरे टोकदार असतात, तोंड इतकं आवळलेलं असतं की चाकू ओढून काढावा लागतो, आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवायला काहीच सोय नसते. त्या तुकड्याचं म्यान व्हायला कापणं, भोकं पाडणं, घासणं आणि कड गुळगुळीत करणं बाकी असतं, आणि कामाचा जास्त वेळ इथेच जातो.

या दोन टप्प्यांचा स्वभाव वेगळा आहे. साचा बिघडला तर तो सुधारता येतो. थर्मोप्लास्टिक पुन्हा तापवलं की आपल्या मूळ सपाट आकाराकडे परतू लागतं आणि तीच शीट दुसऱ्यांदा वापरता येते. कापलेलं प्लास्टिक मात्र परत येत नाही. तोंडाशी दोन मिलिमीटर जास्त घासले गेले की चाकूची पकड गेली. पात्याच्या बाजूला रेघ आत सरकली की तिथली भिंत कायमची कमकुवत झाली. म्हणून माझं मत असं आहे की म्यानाच्या कामात हत्यारांचा विचार सर्वांत जास्त करायचा तो साचा निघाल्यानंतर. कुठलंही हत्यार हातात घेण्याआधी त्याच्याबद्दल दोन गोष्टी विचाराव्यात: हे किती उष्णता निर्माण करेल, आणि एका चुकीत किती माल खाईल?

आधी मालाची ओळख करून घेऊ. या कामात सर्वांत जास्त नाव ऐकू येतं ते किडेक्सचं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या रोम अँड हास कंपनीनं ते १९६५ साली आणलं. प्लेक्सिग्लास या नावानं प्रसिद्ध झालेलं ॲक्रिलिकही त्याच कंपनीचं. किडेक्स म्हणजे ॲक्रिलिक आणि पीव्हीसी यांचं मिश्रण. ॲक्रिलिकमुळे ताठपणा आणि साच्यात नेमका आकार घेण्याचा गुण येतो. पीव्हीसीमुळे चिवटपणा येतो, आग सहज पसरत नाही आणि रसायनांपुढे टिकाव लागतो. विमानांच्या आतल्या सजावटीसाठी असा माल हवाच होता. आज सेकिसुई या जपानी उद्योगसमूहाची कंपनी तो पेनसिल्व्हेनियातल्या ब्लूम्सबर्ग इथे बनवते.

विमानातला हा माल कमरेवर आणण्याचं श्रेय सहसा बिल रॉजर्स यांना देतात. ते एफबीआयमध्ये होते, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पिस्तुलासाठी या प्लास्टिकचं होल्स्टर तयार केलं. त्याआधीची जवळजवळ सगळी होल्स्टर आणि म्यानं चामड्याची. ओलं चामडं वस्तूवर दाबून वाळवलं की तो आकार धरतं, पण घाम आणि पाऊस पिऊन काही वर्षांत सैल पडतं, आणि दमट चामड्यात ठेवलेलं पोलाद गंजतं. प्लास्टिकला हे दोन्ही त्रास नाहीत. चाकूवाल्यांनी हे तंत्र लवकरच उचललं. अमेरिकेत आज हजारो हौशी लोक गॅरेजमध्ये बसून अशी म्यानं करतात. चाकूसाठी त्यांची आवडती जाडी साधारण २ मिमी. छोट्या चाकूला १.५ मिमी पुरते, जड चाकूला २.४ मिमी घेतात.

पोलादाचा तुकडा कानशीनं घासला की तिथली उष्णता झटकन सगळ्या तुकड्यात पसरते. प्लास्टिकमध्ये तसं होत नाही. पोलादाच्या तुलनेत ते उष्णता शेकडो पटीनं कमी वाहून नेतं, त्यामुळे घर्षणानं तयार झालेली उष्णता जिथल्या तिथे साचते. किडेक्सला साच्यासाठी साधारण १६० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, पण त्याचा ताठपणा ७५ ते ८० अंशांच्या आसपासच जायला लागतो. घासणाऱ्या चाकाखाली एवढं तापमान यायला काही सेकंद पुरतात. मग माल कापला न जाता लोळतो, कडेला मऊ झालर लोंबते, भुसा वितळून परत कडेलाच चिकटतो. अशी झालर थंड झाली की सोलून निघते खरी, पण तिच्याखालची कड ओबडधोबड राहते.

आपल्याकडे बहुतेक वर्कशॉपमध्ये चार इंची अँगल ग्राइंडर असतो आणि हात आपसूक त्याच्याकडे जातो. त्याचं चाक १०० मिमी व्यासाचं आणि वेग मिनिटाला सुमारे ११,००० फेरे. म्हणजे चाकाची कड सेकंदाला जवळजवळ ५७ मीटर धावते. या वेगानं दोन मिलिमीटरचं प्लास्टिक कापलं जाण्याआधी वितळतं. शिवाय हात किंचित हलला तरी चाक एका क्षणात चार-पाच मिलिमीटर आत शिरतं. दोन्ही प्रश्नांवर ग्राइंडर नापास होतो. त्याला या कामातून पूर्णपणे बाजूला ठेवावं.

कापण्याआधी आखणी. काळ्या शीटवर पेन्सिल दिसत नाही. पांढरी किंवा चंदेरी रंगाची पेन्सिल घ्यावी. चाकू आत ठेवून बाहेरची रेघ मारावी आणि पात्याच्या धारेपासून निदान एक बोट जागा सोडावी, कारण त्याच पट्टीत रिव्हेट बसणार आहेत. एकच शीट चाकूच्या पाठीवरून दुमडून केलेलं म्यान असेल तर ही पट्टी फक्त धारेच्या बाजूला लागते. दोन शीट समोरासमोर ठेवून केलेल्या म्यानाला ती दोन्ही बाजूंना लागते. अंतिम रेघेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटरवर दुसरी रेघ मारावी. करवत बाहेरच्या रेघेवर चालवायची. आतल्या रेघेपर्यंत पोचायचं ते कानशीनं आणि कागदानं.

करवतीपैकी सर्वांत सोपी आणि कुठेही मिळणारी म्हणजे हॅक्सॉ. तिच्या पात्यावर इंचाला १८, २४ किंवा ३२ दात असतात, आणि योग्य पातं निवडण्याचा हिशेब आयटीआयच्या फिटरला पहिल्याच वर्षी शिकवतात: कापायच्या जाडीत एका वेळी निदान दोन दात टेकले पाहिजेत. २४ दातांच्या पात्यात दोन दातांमधलं अंतर साधारण एक मिलिमीटर, म्हणजे २ मिमीच्या शीटला ते नेमकं बसतं. दोन शीट एकत्र, म्हणजे ४ मिमी कापायचे असतील तर १८ दातांचं पातं जास्त चांगलं, कारण त्याच्या दातांमध्ये भुशाला जागा मिळते. ३२ दातांचं पातं कापतं, पण त्याच्या बारीक दऱ्या गरम भुशानं लगेच भरतात. गोलाईसाठी हॅक्सॉ निरुपयोगी. तिथे बारीक पात्याची कोपिंग सॉ लागते. सावकाश, लांब हात मारावेत. घाईनं घासलं की भुसा तापतो.

पत्र्याची कात्री हे दुसरं चांगलं हत्यार, आणि तिच्यात उष्णतेचा प्रश्नच नाही. विमानांच्या पत्राकामातून आलेल्या कात्र्यांच्या मुठींना रंग असतात: पिवळी सरळ कापते, लाल डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे. १.५ मिमीची शीट त्यांनी छान कापली जाते, २ मिमीला मनगटाचा जोर लागतो. त्यांची अडचण कडेला दिसते. कात्रीच्या जबड्यांचे दाते कडेवर बारीक खुणा सोडतात, आणि थंड शीट वाकवत कापली तर काळ्या रंगात पांढुरकी रेघ उमटते. ती रेघ म्हणजे माल ताणला गेल्याची खूण. म्हणून कात्रीनं कापताना बाहेरची रेघ आणखी एक मिलिमीटर लांब धरावी. लांब सरळ काप असेल तर कात्रीपेक्षाही सोपा मार्ग आहे. पट्टी धरून कटरनं दोन-तीन वेळा खोल चीर द्यावी आणि टेबलाच्या कडेवर शीट मोडावी. मोड स्वच्छ येते आणि धूळ अजिबात उडत नाही.

ज्यांच्याकडे बँडसॉ आहे त्यांचं काम मिनिटांत होतं. अमेरिकेतले धंदेवाईक म्यानवाले तीच वापरतात. इंचाला १० ते १४ दात आणि कमी वेग ठेवला तर कड नीट येते. पण पहिल्याच म्यानासाठी कुणी बँडसॉ आणायला जाऊ नये. कमावलेला हात असेल तर हॅक्सॉनं कापलेल्या आणि बँडसॉनं कापलेल्या म्यानात, शेवटच्या कागदानंतर, काही फरक उरत नाही.

कापताना आतल्या कोपऱ्यांची विशेष काळजी घ्यावी लागते. चाकूच्या मुठीपाशी म्यानाची रेघ जिथे आत वळते तिथे टोकदार कोन राहिला, तर वाकण्याचा सगळा ताण त्या टोकावर गोळा होतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. त्यावर साधा उपाय आहे. आधी त्या कोपऱ्यात ५-६ मिमीचं भोक पाडावं आणि करवतीचा काप त्या भोकात आणून संपवावा. कोपरा गोल होतो आणि पात्याला वळायलाही जागा मिळते.

भोकं पाडण्याचं काम घासण्याच्या आधी करावं. नवख्यांना हे उलट वाटतं, पण त्यामागे कारण आहे. दोन शीट रिव्हेटनं एकमेकींना घट्ट धरलेल्या असल्या की त्यांच्या कडा एकच समजून घासता येतात आणि शेवटी दोन थरांमधली रेघ जेमतेम दिसते. वेगवेगळ्या घासलेल्या दोन कडा नंतर कधीच तंतोतंत जुळत नाहीत. यासाठी पोकळ रिव्हेट, म्हणजे आयलेट, वापरतात. अमेरिकेत पाव इंची आयलेट जास्त चालतात, त्यांना साधारण ६.४ मिमीचं भोक लागतं. लोखंडासाठी घासलेलं ड्रिल बिट पातळ प्लास्टिकमध्ये शिरताना एकदम खेचलं जातं आणि भोक तीन कोनी होतं किंवा कड तडकते. पितळात भोक पाडताना फिटर लोक बिटाची पुढची धार दगडावर किंचित मारून तिचा तिरकेपणा काढतात. प्लास्टिकलाही हाच उपाय लागू पडतो. खाली लाकडाचा ठोकळा, वेग कमी, दाब हलका. भोकांच्या जागा चाकू आत ठेवून आखाव्यात आणि ड्रिल चालवताना चाकू बाहेर काढून ठेवावा. भोकाच्या कडेला उठलेली बर हातानं फिरवायच्या काउंटरसिंकनं काढावी. बर राहिली तर आयलेटचा पसरलेला काठ नीट बसत नाही आणि फाटतो. आयलेटची नळी दोन्ही थरांच्या बाहेर साधारण २ मिमी निघावी. कमी निघाली तर काठ पसरत नाही, जास्त निघाली तर दुमडून चुरगळतो.

आता कानस. एवढ्या जुन्या हत्याराला इतकं चांगलं काम क्वचितच मिळतं. कानस हाताच्या वेगानं चालते, त्यामुळे उष्णता जवळजवळ निर्माण होत नाही, आणि एका हातात ती मिलिमीटरचा छोटासा अंश खाते. माझ्या दोन्ही प्रश्नांना इतकं समाधानकारक उत्तर दुसरं कुठलंही हत्यार देत नाही. आठ इंची अर्धगोल कानस घ्यावी. तिची सपाट बाजू बाहेरच्या गोलाईला चालते, गोल बाजू आतल्या वळणाला. अरुंद खाचांसाठी एक बारीक गोल कानस पुरते. तिची तक्रार एकच: प्लास्टिकचा भुसा दातांत अडकतो आणि अडकलेला कण कडेवर खोल ओरखडा काढतो. त्यासाठी कानशीवर आधी पांढरा खडू घासावा. खडूची पूड दातांच्या दऱ्यांत बसते आणि भुसा चिकटू देत नाही. मधून मधून तारेच्या ब्रशनं दात साफ करावेत. कानस पुढे नेताना दाब द्यावा, मागे आणताना उचलावी, आणि कडेला काटकोनात घासण्याऐवजी थोडी तिरकी, कडेच्या लांबीला धरून सरकवावी. तसं केलं की कडेवर लाटा येत नाहीत.

यंत्रानं घासायचंच असेल तर अरुंद पट्ट्याचा बेल्ट सँडर चांगला. पट्टा लांब असल्यामुळे प्रत्येक कणाला पुढच्या फेरीपर्यंत थंड व्हायला वेळ मिळतो. नवा, धारदार पट्टा घ्यावा. झिजलेला पट्टा कापत नाही, नुसता घासतो, आणि उष्णता त्यातूनच येते. तुकडा पट्ट्याला क्षणभर टेकवायचा, उचलायचा, पुढे सरकवून पुन्हा टेकवायचा. हातात धरून फिरवायची छोटी रोटरी मशीन या कामात फार लोकप्रिय आहे. विस्कॉन्सिनमधल्या रॅसिनमध्ये अल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ साली सुरू केलेल्या कंपनीचं नावच अमेरिकेत या यंत्राचं नाव होऊन बसलं आहे. त्यावर अर्ध्या इंचाचा सँडिंग ड्रम बसतो. यंत्राचा वेग मिनिटाला ३५,००० फेऱ्यांपर्यंत जातो, आणि पूर्ण वेगात त्या इवल्या ड्रमची कड सेकंदाला २३ मीटर धावते. वेग १०,००० फेऱ्यांवर आणला तर तीच गती सात मीटरच्या आत येते. किडेक्ससाठी हा खालचाच वेग हवा. आतल्या वळणाला हा ड्रम उपयोगी आहे. लांब सरळ कडेवर तो खड्डे पाडतो, तिथे तो लावूच नये.

म्यानाच्या तोंडाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. चाकू दिवसातून दहा वेळा तिथूनच आत-बाहेर होतो, बोटं तिथेच टेकतात, आणि चाकूची पकडही तिथेच असते. म्यान पात्याला घट्ट धरत नाही. मुठीच्या पुढच्या भागावर प्लास्टिकचा जो खोलगट ठसा उमटतो तोच चाकू धरून ठेवतो. म्हणून तोंडाची रेघ ठरवताना तो ठसा सांभाळावा. अर्धा मिलिमीटर घासायचा, चाकू आत घालून ओढून बघायचा, पुन्हा अर्धा मिलिमीटर. म्यानाच्या तोंडाजवळ अंगठा टेकवून चाकू बाहेर ढकलायला एक छोटी उतरती जागा ठेवतात. ती नीट गोलसर केली तर चाकू एका हातानं निघतो; तिची कड कोरी राहिली तर अंगठ्याला रोज टोचते. आतल्या बाजूचा काठ तिरकस घासून घ्यावा, म्हणजे चाकूचं टोक आत जाताना कडेवर अडकत नाही. म्यानाच्या तळाला, पात्याच्या टोकाच्या थोडं पुढे, पाणी निघून जायला एक भोक असावं. किडेक्स पाणी पीत नाही, आणि म्हणूनच आत गेलेलं पाणी स्वतःहून वाळतही नाही.

आकार पुरा झाला की कडेची सफाई. इथे मला पहिली पसंती द्यायची आहे ती एका फुकट हत्याराला. तुटलेल्या हॅक्सॉच्या पात्याचा चार बोटं लांब तुकडा घ्यावा, त्याची पाठ दगडावर घासून काटकोनी, तीक्ष्ण करावी, आणि म्यानाच्या कडेवर ती उभी धरून ओढावी. प्लास्टिकच्या बारीक वळ्या निघतात. धूळ नाही, उष्णता नाही, आणि कानशीच्या खुणा चार-पाच ओढींत जातात. फिरत्या पात्याचं डीबरिंग टूल बाजारात मिळतं, ते याच तत्त्वावर चालतं आणि भोकांच्या काठांना फार छान चालतं.

त्यानंतर कागद. आपल्याकडे ज्याला वॉटर पेपर म्हणतात तोच इथे हवा. पाण्यात भिजवून वापरता येणारा हा कागद फ्रान्सिस ओकी यांच्या कल्पनेतून आला आणि थ्रीएम कंपनीनं तो १९२१ मध्ये विकायला काढला. मोटारीच्या रंगकामात कामगारांच्या छातीत जाणारी धूळ त्यानं खूप कमी केली. किडेक्सच्या कामात तो धुळीबरोबर उष्णताही अडवतो. पाण्याची वाटी जवळ ठेवून घासलं की कड तापण्याचा प्रश्नच राहत नाही. कागदाच्या मागच्या नंबराचा अर्थ लक्षात ठेवावा. ८० नंबरचे कण साधारण २०० मायक्रॉनचे असतात, २२०चे ७० मायक्रॉनच्या आसपास, ४००चे ३५, आणि ६००चे २६. प्रत्येक कागद आपल्या कणाएवढे ओरखडे ठेवून जातो, आणि पुढच्या कागदाचं काम ते ओरखडे मिटवणं एवढंच असतं. १२० वरून थेट ६०० वर उडी मारली तर मोठे ओरखडे तसेच राहतात, फक्त त्यांच्या आजूबाजूचा भाग चमकतो आणि ते आणखी उठून दिसतात. १२०, २२०, ४००, ६०० हा क्रम पुरेसा आहे. दर कागदाला घासण्याची दिशा बदलली की आधीचे ओरखडे गेले की नाहीत ते डोळ्यांना लगेच कळतं. कागद नुसत्या बोटानं धरू नये. सपाट कडेला लाकडाचा ठोकळा, वळणाला जाड रबराचा तुकडा त्यामागे ठेवावा.

६०० नंतर कड गडद आणि गुळगुळीत होते. वापरायच्या म्यानाला एवढं पुरे आहे, असं माझं मत. आरशासारखी चमक हवी असेल तर सुती कापडाचा बफ आणि प्लास्टिकचं पॉलिश लागतं. बफला वेग कमी ठेवावा, म्यान चाकाच्या मध्याच्या खाली धरावं, आणि कड अशी वळवावी की चाक तिच्यावरून बाहेर सरकेल. समोरून कड दाखवली तर चाक म्यान हिसकावून भिरकावतं. चाकू आत ठेवून बफ कधीही करायचा नाही.

चमक आणायच्या दोन झटपट युक्त्यांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. एक, ॲसिटोनचा बोळा कडेवरून फिरवणं. ॲसिटोन ॲक्रिलिक विरघळवतं आणि पीव्हीसी फुगवतं, त्यामुळे कड क्षणात चकाकते. पण एक थेंब दर्शनी भागावर ओघळला की तो डाग जात नाही, आणि त्याची वाफ चटकन पेट घेते. दोन, ज्योत. शुद्ध ॲक्रिलिकची कड ज्योतीनं सुंदर पॉलिश होते, म्हणून लोक किडेक्सवरही लायटर फिरवतात. किडेक्समध्ये पीव्हीसी आहे. ते करपलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, जो नाक, घसा जाळतो आणि आसपासची पोलादी हत्यारं गंजवतो. याच कारणासाठी किडेक्स किंवा पीव्हीसी लेझर कटरवर कापायचं नसतं. लेझर चालवणाऱ्याला माल काय आहे ते न सांगता शीट देणं हा त्याच्या फुप्फुसांवर आणि यंत्रावर अन्याय आहे.

हीट गन मात्र जपून वापरली तर उपयोगी. घासताना पडलेल्या पांढुरक्या खुणा तिच्या एका झपाट्याच्या फुंकरीनं पुन्हा काळ्या होतात. चाकू सैल बसत असेल तर तो आत ठेवून फक्त तोंडाजवळचा भाग गरम करावा, हातमोजा घालून फोमच्या तुकड्यानं दाबावा आणि थंड होईपर्यंत धरून ठेवावा. घट्ट असेल तर तसाच गरम करून किंचित उघडावा. गन एका जागी थांबली तर पोत सपाट होतो आणि म्यान मूळ शीटसारखं उलगडू लागतं.

आपल्याकडे किडेक्स सहज मिळत नाही, पण पीव्हीसी पाइप प्रत्येक गावात मिळतो. पाइपचं तोंड तापवून त्यात दुसरा पाइप बसवणारा प्लंबर किंवा शेतकरी थर्मोप्लास्टिकचं काम रोजच करतो. ६३ मिमीचा पाइप उभा चिरून, तापवून सपाट केला की जवळजवळ २०० मिमी रुंदीची शीट मिळते, आणि तेवढ्यात कलम बांधायच्या चाकूचं म्यान आरामात होतं. भिंत २ ते ३ मिमीची बघून घ्यावी. तापवण्यासाठी हीट गन किंवा स्वयंपाकाला न वापरायचा जुना ओव्हन घ्यावा, चुलीची ज्योत नको. पाइपचं हे पीव्हीसी किडेक्सपेक्षा ठिसूळ असतं. त्याचे आतले कोपरे आणखी मोठ्या गोलाईचे ठेवावेत, आणि भोकं कडेपासून जास्त आत घ्यावीत. बाकी कानस, कागद, पातं यांचा क्रम तोच.

पिस्तुलाच्या होल्स्टरची हत्यारं हीच, पण नियम कडक आहेत. अमेरिकेतले कारागीर साच्यासाठी खरं पिस्तूल न वापरता त्याच मापाची, गोळी सुटूच न शकणारी प्लास्टिकची प्रतिकृती वापरतात. ट्रिगरभोवतीचा भाग पूर्ण झाकलेला राहिला पाहिजे. तिथे सुंदर दिसावं म्हणून एक मिलिमीटरही घासायचा नसतो, कारण तिथे अडकलेली बर किंवा वाकलेली कड अपघात घडवू शकते. हे काम परवानाधारक, प्रशिक्षित माणसांचं आहे.

धुळीबद्दल दोन शब्द. कोरडं घासताना एन-९५ मास्क आणि चष्मा हवाच. किडेक्सची धूळ स्थिर विजेमुळे कपड्यांना आणि हातांना चिकटते, म्हणून जवळ व्हॅक्यूम असावा. म्यान पुरं झालं की आतून स्वच्छ करण्याला पर्याय नाही. किडेक्सच्या म्यानात चाकूवर ओरखडे पडतात अशी जी तक्रार ऐकू येते, तिचा दोष बहुतेक वेळा प्लास्टिकचा नसतो. सँडपेपरचे ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि सिलिकॉन कार्बाइडचे कण म्यानाच्या आत राहतात, ते कुठल्याही चाकूच्या पोलादापेक्षा कठीण असतात, आणि चाकू दर वेळी त्यांच्यावरून घासला जातो. साच्याच्या वेळी पात्यावर मास्किंग टेप लावली असेल तर थोडी मोकळी जागा मिळते, पण तीही पुरत नाही. साबणाच्या कोमट पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं आतला प्रत्येक कोपरा घासावा, हवेच्या झोतानं पाणी उडवावं आणि पूर्ण वाळल्यावरच चाकू आत घालावा.

पहिलं म्यान करणाऱ्यानं दुकानात जाऊन एवढंच आणावं: २४ दातांची हॅक्सॉची पाती, एक आठ इंची अर्धगोल कानस, एक बारीक गोल कानस, एक हातानं फिरवायचा काउंटरसिंक, आणि १२० ते ६०० नंबरचे वॉटर पेपर. खडू आणि पात्याचा तुटका तुकडा घरात असतोच. बेल्ट सँडर आणि रोटरी मशीन त्यानंतर घ्यावी, जेव्हा हाताला कड ओळखता येऊ लागेल.